टाइमशीटमध्ये न भरलेले तास

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा नव्वदवर नेला. दोन्ही वेळा पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. एक बाजू म्हणाली, देश घडवायचा तर घाम गाळावाच लागतो. दुसरी म्हणाली, आम्हालाही घरदार आहे. मग मीम झाले, साहेबांचा पगार नव्या पोराच्या पगाराच्या किती पट याचे हिशेब झाले, आणि हिंजवडीच्या कँटीनमध्ये चहाचा कप रिकामा होईपर्यंत विषय संपला. ज्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातून हा वाद उठला त्या धंद्यात काम नेमकं कसं होतं, जादा तास कुठून उगवतात आणि ते कोणाच्या खात्यावर पडतात, हे विचारायच्या भानगडीत फारसं कोणी पडलं नाही.

माझं म्हणणं असं की प्रोग्रामरचे जादा तास हे बहुतेक वेळा दिवसा नीट न झालेल्या कामाचं बिल असतं. ते बिल कंपनीला भरावं लागत नाही, म्हणूनच ते दर महिन्याला येतं. तेव्हा सत्तर की चाळीस यावर घसा कोरडा करण्यापेक्षा मागणी एवढीच हवी: प्रत्येक जादा तास आणि रात्री आलेला प्रत्येक फोन टाइमशीटमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीत, लिहिला जावा, आणि त्याचे पैसे किंवा बदली सुट्टी मिळावी. मागणी किरकोळ वाटते. पण ती मान्य झाली तर आपल्याकडच्या निम्म्या प्रोजेक्टांची गणितं कोसळतील, हे जो जो मॅनेजर आहे त्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या सर्व्हिस कंपनीत वर्षभर काढलेल्या कोणालाही टाइमशीटची गंमत सांगावी लागत नाही. क्लायंटशी करार दिवसाला आठ तासांच्या बिलिंगचा असतो. शुक्रवारी संध्याकाळी पाच दिवसांसमोर आठ-आठ टाकायचे, सबमिट करायचं, सुटायचं. बुधवारी रात्री अकरापर्यंत बसलेले तास त्यात येत नाहीत, कारण भरले तर सिस्टीम घेत नाही, आणि घेतले तर मॅनेजरचा पिंग येतो: आठच टाक, क्लायंट प्रश्न विचारेल. फिक्स्ड बिडचं, म्हणजे आधीच ठरलेल्या एकरकमी किमतीचं, काम असेल तर कारण उलटं, जादा तास दिसले की प्रोजेक्टची मार्जिन घसरलेली दिसते. निष्पन्न दोन्हीकडे तेच. समजा एखादं काम खरं तर पाचशे तासांत झालं आणि कागदावर साडेतीनशेच उमटले. पुढच्या वर्षी तसंच काम आलं की बोलीची किंमत ठरवणारा प्रीसेल्सवाला जुना प्रोजेक्ट उघडतो, साडेतीनशे वाचतो, समोर आणखी दोन कंपन्या बोली लावून बसल्यात म्हणून तीनशेचा कोट देतो. नवी टीम पहिल्या दिवशीच दोनशे तास मागे असते, आणि तिला ते कळतसुद्धा नाही. तिला वाटतं आपणच हळू आहोत. कंपनीच्या स्वतःच्या नोंदी खोट्या असताना एस्टिमेट बरोबर कसं येणार? आणि एस्टिमेट चुकलं की ते भरून काढायला पुन्हा न लिहिलेले तासच लागतात.

आता एक दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा, घ्या. कामाचे दिवस दहा. त्यातला अर्धा दिवस प्लॅनिंगमध्ये, अर्धा दिवस डेमो आणि रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या टप्प्याच्या आढाव्यात. रोज सकाळी इथला स्टँडअप, म्हणजे टीमची छोटी बैठक, संध्याकाळी क्लायंटचा कॉल, मधे ‘पाच मिनिटं आहेत का’ म्हणत आलेले पिंग. सलग दोन तास कोड लिहायला मिळाले तर तो दिवस चांगला म्हणायचा. एस्टिमेट देताना मात्र दिवसाचे आठही तास कोडचे धरलेले असतात. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत ब्रँच, म्हणजे आपली कोडची वेगळी प्रत, मेनपासून, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडपासून, इतकी लांब गेलेली असते की मर्ज करायला, म्हणजे त्यात मिसळायला, घेतली की पंधरा-वीस फायलींत कॉन्फ्लिक्ट. दहाव्या दिवशी दुपारी दीड हजार ओळींची पुल रिक्वेस्ट, म्हणजे हे बदल मेनमध्ये घ्या अशी विनंती, दुसऱ्या प्रोग्रामरकडे रिव्ह्यूला पडते. सिस्को कंपनीतल्या कोड रिव्ह्यूंचा स्मार्टबेअर या सॉफ्टवेअर कंपनीने अभ्यास केला होता. त्यात दिसलं की एका बैठकीत दोनशे ते चारशे ओळींपलीकडे गेलं की चुका सापडण्याचं प्रमाण घसरतं, आणि तास-दीड तासानंतर तर डोळे नुसते फिरतात. संध्याकाळी सहाला दीड हजार ओळी समोर आलेला माणूस काय करेल? दोन व्हेरिएबलची नावं बदलायला सांगेल आणि ‘लुक्स गुड’ लिहून बस पकडेल. टेस्ट पुढच्या स्प्रिंटमध्ये. रिलीज शुक्रवारी रात्री, कारण तेव्हा लोड, म्हणजे वापरणाऱ्यांची गर्दी, कमी असतो.

लोड कमी असतो हे खरं, पण जागी माणसंही कमी असतात. आणि कमी लोडवर सगळ्याच चुका दिसत नाहीत. काही सोमवारी सकाळी दहाला दिसतात, काही शनिवारी पहाटे, आणि पहाटेच्या चुका कशा दिसतात ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. डेटाबेसमधल्या ऑर्डरच्या टेबलवर एक नवा इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची, टाकायचा आहे असं धरा. टेस्टच्या डेटाबेसमध्ये दहा हजार रो, म्हणजे नोंदी, इंडेक्स पापणी लवायच्या आत तयार. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टीमवर, त्याच टेबलात सहा कोटी. पोस्टग्रेस या डेटाबेसमधली साधी ‘क्रिएट इंडेक्स’ कमांड इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवरचं लिहिणं अडवून धरते. वाचणं चालू राहतं, म्हणून साइट उघडते, जुन्या ऑर्डर दिसतात, डॅशबोर्डही हिरवा. फक्त नवी ऑर्डर जात नाही. अडकलेली प्रत्येक रिक्वेस्ट एक कनेक्शन धरून बसते, पूलमधली, म्हणजे ठरावीक साठ्यातली, कनेक्शन संपतात, आणि मग वाचणारेही रांगेत उभे. पावणेदोनला अलर्ट वाजतो. झोपेतून उठलेला माणूस आधी ॲपचे सर्व्हर रीस्टार्ट करतो, कारण त्या वेळी तेच सुचतं. नवी कनेक्शन येतात, तीही अडकतात. डेटाबेसमध्ये शिरून कोणती क्वेरी कोणाला अडवते आहे ते बघावं हे सुचायला अर्धा तास जातो, तोवर कॉलवर आणखी दोघं आलेले असतात आणि एक व्हाइस प्रेसिडेंट दर पाच मिनिटांनी ‘ईटीए काय’, म्हणजे कधी होईल, असं विचारत असतो. खरा उपाय दिवसा दहा मिनिटांचा होता. कमांडमध्ये ‘कन्करंटली’ हा एक शब्द घालायचा. तशी कमांड ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्याच्या, आत चालत नाही, आणि डेटाबेसच्या रचनेत बदल करणारी बरीच मायग्रेशन टूल्स सगळं आपोआप ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात, तेव्हा त्या एका मायग्रेशनपुरतं ते बंद करायचं. मधेच फसली तर मागे इनव्हॅलिड इंडेक्स उरतो, तो ड्रॉप करून पुन्हा चालवायची. आणि हे सगळं मंगळवारी सकाळी अकराला, सगळे जागेवर असताना.

त्या रात्री तीन माणसांचे चार-चार तास गेले. टाइमशीटवर त्यांची किंमत शून्य. उलट सोमवारी मेल येतो, तिघांचं कौतुक होतं, एखाद्याला महिन्याचं बक्षीसही मिळतं. ज्या मुलीने दुसऱ्या टीममध्ये तोच इंडेक्स मंगळवारी सकाळी नीट टाकला आणि साडेसहाला घरी गेली, तिच्या अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेख नसतो, कारण काही घडलंच नाही. आग विझवणाऱ्याचं कौतुक करायला हरकत नाही, पण आग कोणी लागू दिली हा प्रश्न त्या मेलमध्ये का नसतो?

रात्रीच्या कामाचं सगळ्यात उघडं पडलेलं उदाहरण गिटलॅबचं, म्हणजे लोकांचा कोड ठेवून घेणाऱ्या कंपनीचं, आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या डेटाबेसवर ताण आला आणि मुख्य सर्व्हरवरून दुय्यम सर्व्हरकडे जाणारं रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची सतत होणारी नक्कल, तुटलं. नेदरलँड्समधला एक इंजिनिअर काम आवरून उठायच्या बेतात होता, त्याच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. हे निघालं म्हणून तो थांबला. मध्यरात्र उलटून गेल्यावर, दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी उडवून रेप्लिकेशन पुन्हा सुरू करावं म्हणून त्याने डिलीटची कमांड दिली, आणि सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. कमांड थांबवेपर्यंत तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, पोस्टग्रेसच्या चुकीच्या आवृत्तीच्या टूलने घेतला जात असल्यामुळे मुळात बनतच नव्हता, आणि तो फसल्याचे मेल मेल सर्व्हरच नाकारत होता, म्हणून कोणाला पत्ता नाही. डेटाबेसच्या सर्व्हरवर डिस्क स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रती, सुरूच केलेले नव्हते. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता, त्यावर कंपनी वाचली. मधल्या सहा तासांतले हजारो प्रोजेक्ट आणि कमेंट गेल्या. गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं कामसुद्धा यूट्यूबवर थेट दाखवलं, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. पुढे करायच्या कामांच्या यादीत त्यांनी एक बारीक गोष्ट लिहिली: टर्मिनलचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेची खूण, प्रॉडक्शनवर लाल आणि स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, पिवळा दिसावा. इतकी साधी गोष्ट. ती दिवसा, कोणाच्याही मोकळ्या अर्ध्या तासात, होऊ शकली असती. बॅकअप उघडून बघणं तर त्याहून सोपं. थकलेल्या माणसाच्या हातून चूक रात्री झाली, पण ती महागात पडली दिवसा राहून गेलेल्या कामांमुळे.

थकवा म्हणजे नुसती कुरकुर असं वाटणाऱ्यांसाठी एक मोजमाप आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका घसरतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराला त्या रेषेच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला बाणेरच्या रस्त्यावर पोलीस स्कूटर चालवू देणार नाहीत इतकी त्याची अवस्था, आणि त्याच्या हातात लाखो लोकांच्या खात्यांचा डेटाबेस. याला निष्ठा म्हणायचं का?

समोरच्या बाजूचे मुद्दे मात्र सगळेच पोकळ नाहीत. सगळ्यात वजनदार मुद्दा स्पर्धेचा. आपण गरीब देश आहोत, काम स्वस्त आणि लवकर करून देतो म्हणूनच ते इथे येतं, आणि आपण नाही बसलो तर दुसरा कोणी बसेल. मूर्तींनी युद्धानंतरच्या जर्मनी-जपानचा दाखला दिला होता. तो खोटा नाही, तिथल्या त्या पिढीने राबून देश उभे केले. पण दाखला पूर्ण सांगायला हवा. आज जर्मनीत माणशी वर्षाला साधारण साडेतेराशे तास काम होतं, जगातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी हा एक. जपानने कामाच्या अतिरेकाने मरणारी माणसं मोजली आणि २०१८ मध्ये कायदा करून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची वेस घातली. आणि ज्या चीनची भीती घातली जाते, तिथे सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बहात्तर तासांच्या या पद्धतीविरुद्ध २०१९ मध्ये प्रोग्रामरांनीच गिटहब या कोडच्या साइटवर अशा कंपन्यांची यादी बनवायला घेतली. दोन वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. आपण ज्यांच्यासारखं व्हायचं म्हणतो ते तिथून केव्हाच निघालेत.

स्पर्धेचा हाच युक्तिवाद मुंबईने आधी ऐकलेला आहे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा यायच्या वेळी गिरणीमालक म्हणत होते की हा इंग्लंडातल्या लँकेशायरवाल्यांचा डाव आहे, आपल्या गिरण्या वर येऊ नयेत म्हणून. त्यात तथ्य होतं. लँकेशायरच्या कापडवाल्यांनी त्या कायद्यासाठी खरोखरच जोर लावला होता. म्हणूनच तेव्हाच्या राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनीही, केसरी-मराठा धरून, असल्या कायद्यांना विरोध केला. देशाचा उद्योग टिकायचा तर कामगाराने कळ सोसावी, हा सूर तेव्हापासूनचा. त्या सुरात सूर न मिळवणारा माणूस नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. गिरण्या त्या रविवारने बुडाल्या नाहीत. पुढची वीस-तीस वर्षं त्या वाढतच गेल्या.

त्यानंतरचा प्रसंग आपल्या धंद्याच्या जास्त जवळचा आहे, आणि तो कमी सांगितला जातो. गिरणीत सूर्य मावळला की काम थांबायचं, कारण दिसायचंच नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कोणी नवा नियम केला नव्हता, जी नैसर्गिक वेस होती ती फक्त गळून पडली. कामगार भडकले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, आयोग बसला, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. लॅपटॉप आणि घरचं वायफाय हे आपल्या धंद्यातले विजेचे दिवे आहेत. कंपनीची बस सुटायची म्हणजे काम संपायचं, ही वेस २०२० च्या लॉकडाउनमध्ये गेली ती परत आलेली नाही. कारखान्यांना अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने मिळाला. ते विधेयक व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं. दिवे लागल्यापासून तिथवर यायला चाळीस वर्षं लागली.

दुसरा मुद्दा मराठी घरात हमखास निघतो. ऊसतोड कामगार पहाटे चारला फडात असतो, एसटीचा ड्रायव्हर डबल ड्यूटी करतो, आणि एसीत बसून लाखाने पगार घेणाऱ्याने तासांबद्दल रडायचं? नैतिक अंगाने हा मुद्दा बिनतोड आहे. कष्टांची तुलना केली तर प्रोग्रामर हरणार, आणि त्याने हरलंच पाहिजे. पण या तुलनेतून निष्कर्ष काय काढायचा? ड्रायव्हरची डबल ड्यूटी चुकीची आहे, आणि तिचं कारण त्याचा पगार कमी हे नाही. मागे पन्नास प्रवासी बसलेत हे आहे. वैमानिकाचा पगार प्रोग्रामरपेक्षा जास्त असतो, तरी त्याच्या उड्डाणाच्या आणि विश्रांतीच्या तासांवर सरकारी नियम आहेत, आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही. रुग्णालयाची औषधांची यादी, रेल्वेचं आरक्षण, यूपीआयचे व्यवहार ज्या कोडवर चालतात, त्याच्या मागे किती प्रवासी बसलेत ते दिसत नाहीत एवढाच फरक.

तिसरा मुद्दा खुद्द प्रोग्रामरांचाच. रात्री शांतता असते, डोकं चालतं, सगळ्यात सुंदर कोड रात्रीच लिहिला जातो. बऱ्याच जणांच्या बाबतीत हे खरं आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची सुरुवात १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने कोणाच्या ऑफिसवेळेत केली नव्हती, आणि शिकायच्या वयात स्वतःच्या हौसेने जागलेल्या रात्री कोणी वाया गेल्या म्हणणार नाही. नव्या मुलांना तर सांगायलाच हवं की पहिल्या दोन-तीन वर्षांत हात जितका फिरेल तितका चांगला. पण त्या विद्यार्थ्याला सकाळी साडेनऊला स्टँडअप नव्हता. हौसेची रात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून फेडता येते. ऑफिसची रात्र फेडायला दिवस मिळत नाही, ती दिवसावर चढवलेली असते. शिवाय रात्री शांतता का लागते हेही विचारलं पाहिजे. दिवसाचे तास कॉलांनी खाल्ले म्हणून. दुपारी दोन ते पाच एकही मीटिंग नाही असा नियम ज्या टीममध्ये खरोखर पाळला जातो, तिथल्या बऱ्याच जणांची रात्रीची प्रतिभा आपोआप दुपारी यायला लागते.

आणि जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गृहीतक? स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये लिहिलं की आठवड्याला सुमारे एकोणपन्नास तासांपर्यंत उत्पादन तासांबरोबर वाढतं, पुढे वाढ मंदावत जाते, आणि सत्तर तासांचं उत्पादन छपन्न तासांपेक्षा फारसं जास्त भरत नाही. कोणी म्हणेल, ते तोफगोळे होते, कोड नव्हे. बरोबर. पण तोफगोळा बिघडला तर तो एक गोळा टाकून देता येतो. बिघडलेला कोड मेनमध्ये मर्ज होतो, त्यावर दुसरे लोक आपला कोड रचतात, आणि तीन आठवड्यांनी तो शोधायला गिट बायसेक्ट लावून, म्हणजे दर वेळी बदल निम्मे-निम्मे करत, हजार कमिटमधून, म्हणजे नोंदवलेल्या बदलांतून, दहा वेळा बिल्ड करून बघावं लागतं. एका दमलेल्या तासाची किंमत पुढचे ताजे तास देतात. आपल्या धंद्यात सत्तर तासांचं उत्पादन छपन्नपेक्षा कमीसुद्धा भरू शकतं.

जादा तासांच्या विरोधात बोलणारेही एका बाबतीत चुकतात. त्यांचा सगळा भर ‘ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा हक्क’ यावर असतो. फ्रान्सने २०१७ पासून तो मोठ्या कंपन्यांना लागू केला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात तसं खासगी विधेयक मांडलं. हेतू चांगला. पण यूपीआय रात्री तीनलाही चालू असतं, आणि ते बंद पडलं तर कोणाला तरी उठावंच लागतं. फोन न उचलण्याचा हक्क त्या माणसाच्या काही कामाचा नाही. त्याला उठण्याचा मोबदला हवा, आणि कोणत्या आठवड्यात आपली पाळी आहे हे महिनाभर आधी ठाऊक असायला हवं. गूगलने आपल्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरांसाठी, म्हणजे सिस्टीम चालू ठेवणाऱ्यांसाठी, हे नियमात बसवलं आणि छापून जाहीर केलं. माणसाच्या वेळेतला जास्तीत जास्त पाव हिस्सा ऑन-कॉलला, म्हणजे बिघाडासाठी तयार राहायच्या पाळीला, बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत, आणि ऑफिसवेळेबाहेरच्या पाळीला रोख किंवा बदली सुट्टी, तीही पगाराच्या ठरावीक प्रमाणापर्यंतच. दोनपेक्षा जास्त घटना होऊ लागल्या तर तो इंजिनिअरचा कमकुवतपणा मानला जात नाही, सिस्टीम बिघडली आहे असं मानून नवी फीचर थांबवून दुरुस्तीला माणसं लावली जातात.

इथे माझ्या बाजूच्या विरोधातला सगळ्यात पक्का आक्षेप येतो. जादा तासांचे पैसे दिले तर हळू काम करणाऱ्याला बक्षीस मिळेल, आणि कोणी मुद्दाम बग सोडून रात्री तोच सोडवत बसेल. माणसाचा स्वभाव बघता हे अशक्य नाही. म्हणूनच त्या मोबदल्याला वरची मर्यादा हवी, आणि पैसे खुर्चीत बसल्याचे न देता पाळीचे आणि लिहून ठेवलेल्या घटनेचे द्यावेत. प्रत्येक घटनेमागे एक पानाची नोंद: काय तुटलं, किती वाजता कळलं, किती जण उठले, कोणत्या बदलामुळे, आणि तो बदल कोणत्या रिलीजमध्ये गेला. खर्च पडावा तो ज्या टीमने ते रिलीज रेटलं तिच्या बजेटवर. मुद्दाम बग सोडणारा या नोंदीत तिसऱ्या महिन्यात दिसतो. आज तो दिसतच नाही, उलट त्याचं कौतुक होतं. आणि खर्च बजेटवर दिसायला लागला की शुक्रवारी रात्री रिलीज करूया म्हणणारा मॅनेजर स्वतःहून मंगळवार सुचवतो. दीड हजार ओळींची पुल रिक्वेस्ट परत पाठवायला रिव्ह्यूअरला बळ मिळतं. टेस्टसाठी मागितलेले दोन दिवस एस्टिमेटमधून कापणाऱ्याला मागच्या तिमाहीचा आकडा दाखवता येतो.

यासाठी नवा कायदा लागेल असंही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर आधीपासून लिहिलेला आहे, आणि कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम येतं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहावर न्यायचं ठरवलं, तरी दुप्पट दर राहिलाच. पळवाट दुसरीकडे आहे. व्यवस्थापन आणि देखरेखीची कामं कायद्यातून वगळलेली आहेत, आणि आयटीत चौथ्या वर्षी प्रत्येकाच्या हुद्द्यात ‘लीड’ लागतं, हाताखाली एकही माणूस नसला तरी. हुद्दा कागदावर वाढतो, आणि दुप्पट दराचा प्रश्न तिथेच मिटतो.

शेवटचं कारण सांगितलं जातं ते क्लायंटचं: तो पैसे देणार नाही. त्याला विचारलंय कोणी? अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आपली जात नाहीत. न्यूयॉर्कला सकाळी दहाला ठेवलेला रोजचा कॉल पुण्यात उन्हाळ्यात साडेसातला असतो, तो त्या सोमवारपासून साडेआठला होतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तसाच राहतो. न्यूयॉर्कच्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे त्याला हे माहीतही नसतं. इकडे नऊ जणांची टीम चार महिने रोज तासभर उशिरा सुटते, वाकडच्या चौकातून घरी पोचायला दहा वाजतात, आणि टाइमशीटमध्ये आठच. ते रोजचे नऊ तास एकदा नोव्हेंबरच्या बिलात दाखवून बघा. कॉल त्यांच्या सकाळी नऊला आणायला त्याला कॅलेंडरमध्ये एक आकडा बदलावा लागेल.